टेप विटांना, दोरी माणसाला

घराच्या कामाला मिस्त्री मी ठरवला, असं मी बरीच वर्षं लोकांना सांगत आले. ते खोटं आहे. मिस्त्रींनी आम्हाला ठरवलं. मी लोणावळ्याच्या शाळेत जन्मभर पोरांच्या तोंडी परीक्षा घेतल्या, पण त्या दिवशी कुसगावात आमच्याच पडवीत माझी तोंडी झाली आणि मी जेमतेम काठावर पास झाले.

काम साधं होतं. वडिलांनी रेल्वेच्या नोकरीत असताना बांधलेलं आमचं घर, आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे न्हाणीघर-संडास मागच्या अंगणात, चार दगडी पायऱ्या उतरून. आई तेव्हा अठ्ठ्याहत्तरची. गुडघे गेलेले. एकदा त्या पायऱ्यांवर ती घसरली, मनगट सुजलं आणि पिंपरीहून दादा धावत आला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. त्यानं निकालच दिला, "आई, आता पुरे. माझ्याकडे चल. फ्लॅटमध्ये सगळं एका पातळीत आहे, खाली-वर जायला लिफ्ट आहे."

"लिफ्टमध्ये बसून प्राजक्ताची फुलं वेचता येतात का रे?" आई म्हणाली.

आईला हे घर सोडायचं नव्हतं. एवढंच होतं, पण तिच्यासाठी तेच सगळं होतं. मी मध्ये पडले. म्हटलं, पडवीला लागून आतूनच जाता येईल असं न्हाणीघर-संडास बांधू, मग तरी झालं? दादा म्हणाला, बघू. त्याच्या 'बघू'चा अर्थ आम्हाला दोघींनाही माहीत होता. नव्या न्हाणीघरात आई एकटीनं, कुणाचा हात न धरता जाऊ शकली तर राहील, नाहीतर पिंपरी. मी दिवसभर शाळेत, त्यामुळे त्याचंही चूक नव्हतं.

दोन कंत्राटदार येऊन गेले. एकानं जागेवर नजरही न टाकता मोबाइलवर टाइल्सची चित्रं दाखवली. "मॅडम, हा पीस सध्या सगळ्या बंगल्यांत चाललाय." दुसरा आला, हो हो म्हणाला आणि पुन्हा दिसला नाही. मग शाळेतल्या शिपायानं या मिस्त्रींचं नाव सुचवलं. वर बजावलं, "माणूस जरा तऱ्हेवाईक हाय बाई, पण काम बगा." मी फोन लावला आणि म्हटलं, जागा बघायला कधी येता?

"जागा बगायला मी येत न्हाई," पलीकडून आवाज आला. "मी मानूस बगायला येतो. न्हानीत जानार कोन?"

"माझी आई."

"मग मावशी घरी असत्याल तवा येतो."

आले. साठीचा, काटक, पांढऱ्या टोपीचा माणूस. शर्टाच्या खिशात मापाची टेप, आणि विजारीच्या खिशातून बाहेर लोंबणारं सुतळीचं गुंडाळं. दादानं त्याच्या इंजिनिअर मित्राकडून एक नकाशा काढून मला मोबाइलवर पाठवला होता. मी तो मोठ्या ऐटीत पुढे केला. मिस्त्रींनी मोबाइल हातभर लांब धरला, एकदा उभा बघितला, एकदा आडवा.

"झकास हाय," म्हणाले. "ह्यात मावशी कुटं हाय?"

मला राग आला. मी म्हटलं, नकाशात माणसं काढत नाहीत. ते म्हणाले, "म्हनून तर बिघडतं." मग प्रश्नांची सरबत्ती. मावशी कोणत्या कुशीवर झोपतात? उठताना आधी कोणता हात टेकतात? चष्मा काढून न्हाणीत जातात का घालून? पाणी गरम लागतं का कोमट? मला अर्ध्यांची उत्तरं येईनात. मी तिची मुलगी, एकाच छपराखाली राहणारी, आणि माझी आई कोणता हात टेकून उठते ते मला ठाऊक नव्हतं. लाज वाटली. लाज वाटली की मी चिडते, तशी चिडले. त्यांनी तिकडे साफ दुर्लक्ष केलं.

टेप ते वापरत, नाही असं नाही. भिंतीची लांबी, खिडकी, फरशी, सगळं टेपनं. पण माणसाचं माप टेपनं घ्यायचं नाही हा त्यांचा कायदा होता. "टेप विटांना, दोरी मानसाला." कारण विचारलं तर म्हणत, "टेपीवर आकडं अस्त्यात. आकडं आलं की मानूस आकड्यात बसवायला बगत्यात. सा इंच म्हंजे सा इंच. आन दोरीवर फकस्त ती बाई असती." कुणाच्या स्वयंपाकघराचा ओटा करायचा तर त्या बाईला उभं करून जमिनीपासून कोपरापर्यंत दोरी धरायची आणि गाठ मारायची. फळी ठोकायची तर हात वर करायला लावून दुसरी गाठ. त्यांच्या घरी पडवीच्या भिंतीला रांगेनं खिळे होते, आणि खिळ्या-खिळ्याला दोऱ्या. कुठल्या दोरीत कोण, हे त्यांना तोंडपाठ. मी एकदा विचारलं, माणूस गेलं की दोरी काढत असाल? "कशापायी?" म्हणाले. "तिचा वटा हाय की अजून."

ही त्यांची तऱ्हा सगळ्यांना परवडायची असं नाही. कुसगावातच एका मुंबईवाल्या शेठनं सुट्टीसाठी बंगला घेतला आणि स्वयंपाकघर नवं करायला यांना बोलावलं. शेठ आणि त्यांच्या बाईसाहेब दोघं उभे. मिस्त्रींनी विचारलं, "स्वैपाक कोन करतं?"

"बाई येते ना गावातली."

"मग तिला बोलवा."

बाईसाहेबांना वाटलं गंमत करतोय. हा माणूस अर्धा तास ओट्यापाशी मांडी घालून बसला, स्वयंपाकाची बाई आली, तिचं माप घेतलं आणि मग उठला. ती बुटकी. ओटा झाला तिच्या कोपराचा. शेठाणी वाकून बघितल्यावर कडाडल्या, हा काय ओटा की पाट? मिस्त्री शांतपणे म्हणाले, "तुमी भाकरी थापून दावा, उंच करतो." ओटा तसाच राहिला. ती स्वयंपाकाची बाई अजून त्याच घरी आहे, आणि पाठ दुखत नाही म्हणून गावभर सांगते.

दुसरी गोष्ट लोहगडवाडीची. किल्ल्यावर चढणाऱ्यांसाठी पिठलं-भाकरी विकणाऱ्या एकानं टपरीपुढं बसायला कट्टा बांधून मागितला. कट्ट्याला कुणाचं माप घ्यायचं? रविवारी शेकड्यानं माणसं येणार, सगळी परकी. मिस्त्री एक अख्खा रविवार टपरीसमोर दगडावर बसून राहिले. संध्याकाळी म्हणाले, "वर जाताना मानूस बसतच न्हाई. येताना बसतो. उतरून आल्यावर मांड्या लटपटत्यात. खाली बसला की उटवायला दुसरा मानूस लागतो." म्हणून कट्टा केला चांगला उंच, नुसतं मागं टेकलं की बूड बसावं असा. टपरीवाला आधी वैतागला. आता शेजारच्या टपऱ्यांचे बाक रिकामे असतात आणि माणसं या कट्ट्यावर जागा धरून उभी असतात. मी स्वतः एकदा शाळेच्या सहलीला पन्नास पोरं हाकत किल्ला उतरून आले आणि त्या कट्ट्यावर टेकले, तेव्हा मिस्त्रींना मनातल्या मनात नमस्कार केला.

तर आमची न्हाणी. घराच्या मागं कातळ आहे. तो फोडायचा तर जुन्या भिंतींना हादरे बसणार. म्हणून न्हाणीची जमीन पडवीपेक्षा दीड फूट उंच घ्यावी लागणार होती, आणि दीड फूट चढायला पायऱ्या आल्या. उतार करा म्हटलं तर मिस्त्री म्हणाले, "वल्ल्या पायानं मावशी घसरगुंडी खेळंल." तेव्हा प्रश्न एकच उरला. पायरी केवढी उंच?

मिस्त्रींनी सुतळी काढली. आईला दाराच्या चौकटीशी उभं केलं. "मावशी, भिंतीला धरा आन पाय उचला. जेवडा सुकानं उचलतो तेवडाच."

आता माझी आई. नऊवारीचा काष्टा घट्ट, केस तेल लावून चापून बसवलेले, आणि परका माणूस घरात आला की पाठ ताठ. तिनं भिंत धरली नाही. पाय उचलला तो चांगला वीतभर वर, आणि तिथं धरूनही ठेवला. माझ्याकडं बघून हसली सुद्धा. मी टाळ्या वाजवायचीच बाकी होते. मला वाटलं, बघा, माझी आई अजून केवढी खमकी आहे!

"लय चांगलं," मिस्त्री म्हणाले. त्यांनी त्यातून चार बोटं कमी करून गाठ मारली, कारण परक्यापुढं माणूस थोडं जास्तच दाखवतं हे त्यांना ठाऊक होतं. आईनं थोडं जास्त दाखवलं नव्हतं, पुष्कळ जास्त दाखवलं होतं. हे तेव्हा त्यांना कळलं नाही. मलाही नाही.

तीन पायऱ्या झाल्या. देखण्या, सरळ, कडा गोल घासलेल्या. उजवीकडं धरायला पाइप. डाव्या बाजूच्या भिंतीला मी रंग लावायला सांगितला तर म्हणाले, "न्हाई. महिनाभर नुस्ता चुना. दुसरा पाइप कुटं लावायचा ते भित सांगंल." असेल काहीतरी, म्हणून मी सोडून दिलं. कामावर असताना हा माणूस चहा घेत नसे. थेंबही नाही. काम संपल्यावर एक महिन्यानं चहाला यायचं, आणि ज्याच्यासाठी काम केलं त्यानं ते वापरताना बघायचं, मगच काम संपलं असं धरायचं, ही त्यांची रीत. जाताना आईला म्हणाले, "मावशी, महिन्यानं चहा ठेवा."

त्या महिन्यात मी आंधळी होते. दुसरा शब्द नाही. सकाळी आणि संध्याकाळी आई माझा दंड धरून न्हाणीत जायची. मी म्हणायची, एकटी जा की गं. ती म्हणायची, "तू आहेस म्हणून धरते, हौस." मी आपली खूश. मी शाळेत गेल्यावर ती काय करत होती ते मी कधी विचारलं नाही. तिनं दुपारचा चहा सोडला होता. पाणी जवळजवळ सोडलं होतं. तांब्या सकाळी भरलेला, तो संध्याकाळी तसाच. मी तो रोज रिकामा करून घासून ठेवत होते आणि माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. मग तिला ताप आला, लघवीची आग सुरू झाली. डॉक्टरांनी विचारलं, पाणी किती पिता आजी? "भरपूर," आई म्हणाली.

दादाला कळवावंच लागलं. तो फोनवर ओरडला नाही, तेच वाईट. शांतपणे म्हणाला, "येत्या रविवारी गाडी घेऊन येतो. तिची बॅग भरून ठेव." मी आईला सांगितलं तेव्हा ती फुलं निवडत होती. तिनं परडीतलं एक फूल उगाचच तीनदा इकडचं तिकडं केलं. म्हणाली, "भर बॅग." आई भांडली असती तर मला चाललं असतं.

त्याच आठवड्यात, बुधवारी, मिस्त्री महिन्याच्या चहाला आले. मी त्यांना आजाराचं सांगितलं, रविवारचं सांगितलं. ते पडवीत पायऱ्यांकडं तोंड करून बसले. "मावशी, हात धुऊन या की," म्हणाले.

"आत्ताच जाऊन आले," आई म्हणाली.

मिस्त्री उठले आणि चुन्याच्या भिंतीपाशी गेले. मी त्यांच्या मागं. पहिल्या पायरीच्या खालीच भिंतीवर बोटांच्या खुणा होत्या. एकावर एक, काळपट, पुष्कळ. त्याच्या वर, दुसऱ्या पायरीपाशी, भिंत पांढरीशुभ्र. तिसऱ्या पायरीपाशीही तशीच. आई तिथवर येत होती, हात टेकत होती, पाय उचलून बघत होती आणि परत फिरत होती. रोज, कितीतरी वेळा, घरात कुणी नसताना.

मिस्त्रींनी त्या खुणांवर आपला पंजा ठेवून बघितला. मग येऊन चहा प्यायले. कपाच्या तळाशी उरलेला घोटसुद्धा. "चहा फक्कड झाला मावशी," एवढंच म्हणाले आणि गेले.

गुरुवारी सकाळी मी शाळेला निघायच्या आधी हजर. घराच्या कडेनं प्राजक्ताकडं जायला भिंत आणि पाण्याची टाकी यांच्यामधून एक बोळ आहे. आई रोज तिथूनच फुलांना जाते. मिस्त्रींनी त्या बोळात आडव्या विटांची एक रांग लावली आणि स्वतः बाजूला पाठ करून घमेलं खरवडत बसले. आई परडी घेऊन आली, विटेवर पाय ठेवून सहज पलीकडं गेली.

शुक्रवारी विटेवर वीट. दोन थर. आता मात्र माझं टाळकं सटकलं. "मिस्त्री, अहो अक्कल आहे का? आजारी म्हातारी बाई, तिच्या वाटेत विटा रचून ठेवताय? पडली म्हणजे?"

"बाई, वर्गात वरडा. हितं काम चाललंय."

"कसलं काम? काम संपून महिना झाला!"

"संपलं आसं कोन म्हनलं?"

तेवढ्यात आई आली. दोन विटांपाशी थांबली. परडी या हातातून त्या हातात घेतली. मग तिथूनच हाक मारली, "अगं, आज फुलं तू आण. मला वाती करायच्यात." आणि मागं फिरली. मिस्त्रींनी मान वर केली नव्हती, पण त्यांचा हात थांबला होता. मी हळूच पुढं झाले तर म्हणाले, "जा, फुलं आना. मावशी वाट बगत आसंल."

शनिवारी एक वीट आणि तिच्यावर फरशीचा पातळ तुकडा. आई आली, चवडा जरासा घासला, पण चढली आणि उतरली. ती पलीकडं गेल्याबरोबर मिस्त्रींनी सुतळी जमिनीला लावली, फरशीच्या वरच्या कडेपर्यंत ताणली आणि गाठ मारली. जुन्या गाठीच्या कितीतरी खाली ही नवी गाठ. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात शिरलं.

"म्हणजे त्या दिवशी आईनं..."

"माप माजं चुकलं," त्यांनी मला बोलूच दिलं नाही.

"अहो पण तिनंच पाय..."

"बाई, सांगितलं ना. माप माजं चुकलं. मानसाचं चुकत न्हाई, दोरी धरनाऱ्याचं चुकतं." एवढं बोलून त्यांनी विटा गोळा केल्या.

हे बोलणारा माणूस कोण, ते लक्षात घ्या. ओळंबा अर्धा दोरा हलला म्हणून स्वतःची भिंत पाडणारा, आणि उभ्या मावळात आपलं माप चुकल्याचं कुणी दाखवून द्यावं म्हणून छाती ठोकून सांगणारा. नाकावर माशी बसू देत नसे.

रविवारी दादा आला तेव्हा पडवीत धुरळा उडत होता. मिस्त्री आणि त्यांचा एक गडी घण घालून त्या देखण्या पायऱ्या फोडत होते. दादा दारातच थबकला. आई खाटेवर, शेजारी बॅग.

"हे काय चाललंय?"

मिस्त्रींनी घण खाली ठेवला, टोपी काढली. अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "साहेब, माप माजं चुकलं. पायऱ्या उंच झाल्या. मावशीला माज्यामुळं तरास झाला."

दादानं मग जे तोंड सोडलं! अडाणी म्हणाला, बेजबाबदार म्हणाला, नकाशा दिला होता तो वाचता येत नव्हता का म्हणाला. शेजारची माणसं कुंपणाशी येऊन उभी राहिली. त्यांत गावातला एक कंत्राटदारही होता, गालात हसत होता. मिस्त्री खाली मान घालून उभे. माझ्या ओठावर आलं होतं, की दादा, गप्प बस, तुला काही माहीत नाही. मी तोंड उघडलं, तेवढ्यात मिस्त्रींनी माझ्याकडं बघितलं. "बाई, जरा चहा ठेवा," म्हणाले.

कामावर चहा न घेणारा माणूस चहा मागत होता. मी गप्प आत गेले. आतून ऐकू आलं ते आईचं बोलणं.

"जाऊ दे रे," आई दादाला समजावत होती. "चुकतं एखाद्या वेळी माणसाचं. त्याला किती बोलशील?"

मी गॅससमोर उभी राहून हसले आणि रडले. दोन्ही एकदम.

दादानं आठ दिवस दिले. बॅग भरलेलीच राहू दे म्हणाला. मिस्त्रींनी तीनच्या पाच पायऱ्या केल्या, एकेक जेमतेम साडेतीन इंचांची, पाऊल अख्खं मावेल एवढी रुंद. पाच पायऱ्यांना जागा जास्त लागते. ती कुठून आली? माझी स्कूटर पडवीत उभी राहायची तिथून. स्कूटरला छप्पर कुठाय विचारलं तर म्हणाले, "गाडीला गुडगं न्हाईत." तेव्हापासून माझी गाडी मावळच्या पावसात उभी आहे. सिमेंटवर पाणी मारायचं काम त्यांनी आईला दिलं. ती दिवसातून चारदा तांब्या घेऊन जायची आणि पायऱ्यांना पाणी घालताना स्वतःही दोन घोट घ्यायची.

दुसऱ्या रविवारी दादा आला. बॅग खाटेशेजारी होती. मिस्त्री पडवीच्या कोपऱ्यात उकिडवे बसले होते. कुणी आईला जा म्हटलं नाही. चहा झाला. मग ती आपणहून उठली, डाव्या हाताचा आधार घेऊन. ती डावा हात टेकून उठते, हे एव्हाना मला माहीत झालं होतं. पहिली पायरी. दुसरी. पाइपाला नुसती बोटं लावलेली. पाचवी. आत गेली, दार लावलं. आतून कडी लागल्याचा आवाज आला.

दादानं चष्मा काढून पुसला. मग उठून रिकामा कप मोरीत ठेवला आणि बॅगेतलं आईचं लुगडं काढून परत कपाटात ठेवायला लागला. मी म्हटलं, राहू दे, मी लावते. तो म्हणाला, "नाही, मीच लावतो."

आई त्यानंतर सात वर्षं त्या घरात होती. शेवटच्या दिवसांपर्यंत एकटी जायची, कडी लावायची. मिस्त्री अधूनमधून चहाला येत. आई पाहुण्यांना त्यांची ओळख करून द्यायची, "हे आमचे मिस्त्री. फार गुणी माणूस. फक्त एकदा यांचं माप चुकलं होतं." मिस्त्री मान डोलवायचे. "व्हय मावशी, चुकलं हुतं." त्या एका चुकीपायी गावात त्यांना टोमणे खावे लागले. एका बंगल्याचं काम त्या गालात हसणाऱ्या कंत्राटदाराकडं गेलं, हे मला नंतर कळलं. मी दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा, "माप माजं चुकलं बाई," आणि विषय बंद.

आता मीही निवृत्त झाले. आणि या वर्षी माझ्याच गुडघ्यांनी कुरकुर सुरू केली. पुढच्या दाराची वडिलांच्या वेळची दगडी पायरी चढताना मी चौकट धरायला लागले. दुसऱ्या कुणाला बोलवायचा प्रश्नच नव्हता. मिस्त्री आता स्वतः थापी धरत नाहीत, काम पुतण्या करतो. पण माप घ्यायला तेच येतात, काठी टेकत. आल्या आल्या खिशातून सुतळी काढली.

"चला बाई. पाय उचला."

मी शाळा गाजवलेली बाई. पाठ ताठ केली. चौकट धरली नाही. पाय उचलला तो झकास उचलला आणि धरून ठेवला.

मिस्त्रींनी पायाकडं बघितलं. मग माझ्या तोंडाकडं. गाठ काही मारली नाही.

"मावशीनं बी आसाच उचललेला," म्हणाले.

बारा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून हे आलं. मी पाय खाली ठेवला. माझे डोळे भरून आले आणि हसूही आलं. "आता खरा उचला," ते म्हणाले. मी चौकट धरली आणि जेवढा उचलतो तेवढाच उचलला. त्यांनी गाठ मारली. मग दुसऱ्या खिशातून एक जुनी, काळपटलेली दोरी काढली. आईची. दोन्ही शेजारी शेजारी धरून, डोळे बारीक करून त्यांनी बघितलं.

"मावशीपरीस एक बोट वर हाय अजून," म्हणाले. "चहा ठेवा."